काकींची पुडी: स्टेरॉइड अचानक थांबल्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मालवण ते वेंगुर्ला या पट्ट्यातलं एक किनाऱ्यालगतचं गाव. गावाचं नाव आणि माणसांची नावं देत नाही, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशीलही बदलले आहेत. जिच्याबद्दल हे प्रकरण आहे तिला मी दवाखान्यात काकी म्हणायचो, इथेही तेच म्हणतो.

काकींचं वय ५४. घरचे भाताचे दोन कुणगे आणि सुक्या मासळीचा धंदा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्या मासळीला भाव येतो. त्यामुळे काकींची खरी धांदल मिरगाच्या आसपास सुरू व्हायची. पाखडणं, चाळणं, निवडणं, पुड्या बांधणं. सुकलेला जवळा सुपात घोळला की त्याची बारीक तांबूस धूळ उडते. कोळंबी-जवळ्याच्या वर्गातल्या जिवांची प्रथिनं श्वासातून गेली की काहींना दमा होतो, हे जगभरच्या मासळी कारखान्यांत दिसून आलेलं आहे. काकींना दमा ११ वर्षांचा. पावसाळ्यात आणि सुपाजवळ बसल्यावर वाढणारा. हातांच्या बोटांना चिरा आणि खाज, तीही तेवढीच जुनी.

तीन वर्षांपूर्वी आठवडा बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडून त्यांना दम्याची पुडी मिळाली. "मुळांची" पुडी, असं तो सांगायचा. सकाळी एक, कोमट पाण्यातून. पावसाळ्यात दोन. दमा बसला, हाताची खाजही गेली, भूक लागायला लागली. इतकी वर्षं मी आणि माझ्यासारखे दोघं-तिघं जे करू शकलो नव्हतो ते पंधरा दिवसांत झालं, हे मान्य करायला हवं. काकींचा विश्वास आंधळा नव्हता. त्यांनी औषध घेतलं, गुण आला, म्हणून चालू ठेवलं.

जूनमधली भेट

जूनच्या शेवटी काकी माझ्याकडे आल्या त्या दम्यासाठी नाही. पायाला जखम झाली होती, ती तीन आठवडे भरत नव्हती. रक्तदाब १६०/९६. उपाशीपोटी साखर १६८. चेहरा गोल, तुकतुकीत, गालांवर लाली. कोपराखाली दोन्ही हातांवर जांभळे डाग, कुठे आपटल्याचं आठवत नव्हतं. तपासणीच्या बाकावरून उठताना त्यांनी दोन्ही हातांनी मांड्यांना रेटा दिला. हे सगळं मी पाहिलं. पाहिलं आणि तीन वेगवेगळ्या रकान्यांत लिहिलं. साखरेला मेटफॉर्मिन, रक्तदाबाला अ‍ॅम्लोडिपिन, जखमेला मलमपट्टी.

मग दम्याचं विचारलं, तेव्हा पुडीचा विषय निघाला.

"सकाळी पुडी घेतलंय की दुपारपर्यंत छाती मोकळी. तुमच्या पंपान तसा होणा नाय."

मी वैतागलो. बाहेर पंधरा माणसं बसली होती. "त्या पुडीत काय घालतात कोण जाणे, आजपासून बंद करा," असं सांगून मी ब्युडेसोनाइड (श्वासातून ओढायचं स्टेरॉइड) आणि फॉर्मोटेरॉल (श्वासनळी रुंद करणारं औषध) यांच्या कॅप्सूल लिहून दिल्या, त्या ज्यातून ओढायच्या ते छोटं यंत्रही दिलं, आणि कंपाउंडरला म्हटलं, जरा दाखव त्यांना. सल्ला ऐकायला बरोबर वाटतो. कुठल्याही आरोग्य शिबिरात टाळ्या मिळतील असा. या प्रकरणातली पहिली आणि सगळ्यात मोठी चूक तीच, आणि ती माझी आहे.

समस्या

अकराव्या दिवशी, लावणी ऐन भरात असताना, सकाळी साडेअकराच्या सुमारास काकींना रिक्षातून आणलं. दोन दिवस उलट्या, पोटात दुखतंय, अंगात ताप, आणि पहाटे उठताना घेरी येऊन पडल्या. ताप १०१, नाडी ११८, रक्तदाब ८०/५०. बोटावरची साखर ६२. छातीत थोडी घरघर, पण दम्याचा मोठा झटका नव्हे.

आमच्याकडे जुलैत, चिखलात उतरलेल्या माणसाला ताप आणि खाली गेलेला रक्तदाब असला की डोक्यात एकच शब्द येतो: लेप्टो. सिंधुदुर्गात लेप्टोस्पायरोसिसने माणसं गेलेली आहेत, लावणीच्या दिवसांत डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या जातात. त्यात काकींच्या पायाला जखम, म्हणजे जंतूला उघडं दार. मीही तिकडेच वळलो. डोळे लाल आहेत का, पोटऱ्या दाबल्यावर दुखतात का, लघवी कमी झाली का, असं विचारत होतो. डोळे पांढरे. पोटऱ्यांत काही नाही. लघवी कमी, पण उलट्या होणाऱ्या माणसाची ती असतेच.

तेवढ्यात दाराशी उभी असलेली सून म्हणाली, "पुडी बंद केल्यापासून आयेचा ह्या असाच चलला हा, डॉक्टरांनू. पयला जेवण सुटला, मगे उठणा-बसणा."

आणि काकी डोळे मिटलेल्याच होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "तुमी सांगलात म्हणान बंद केलंय."

जूनमधले ते तीन रकाने तेव्हा एकत्र आले. गोल चेहरा, साखर, रक्तदाब, जांभळे डाग, मांड्यांतली अशक्ती, न भरणारी जखम: हे सगळं एकाच गोष्टीचं चित्र आहे. पुडीत मुळं असतील-नसतील, स्टेरॉइड नक्की होतं. आणि ते तीन वर्षांनंतर एका सकाळी बंद झालं होतं, माझ्या सांगण्यावरून.

पुडी लागू का पडत होती

इथे थोडं थांबून स्टेरॉइड शरीरात करतं काय ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे निर्णय कळायचे नाहीत. काकींच्या सुनेला मी जसं सांगितलं तसंच सांगतो.

बरीच औषधं पेशीच्या बाहेर उभी राहून निरोप देतात. खळ्यात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी. कॉर्टिकोस्टेरॉइड चरबीत विरघळणारं असल्यामुळे पेशीचं आवरण त्याला अडवत नाही. ते घरच्या माणसासारखं खळं, ओटी ओलांडून थेट माजघरात जातं. आत त्याला धरून घेणारं ग्राही प्रथिन (रिसेप्टर) वाट पाहत असतं. दोघं मिळून पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि तिथे कुठलं जनुक बोलायचं आणि कुठलं गप्प बसायचं, यात हात घालतात. दाह पेटवणारे निरोप पेशी ज्या स्विचवरून सोडते, त्यातला एनएफ-कप्पाबी हा मोठा स्विच ते दाबून धरतं. दुसरीकडे अ‍ॅनेक्सिन-१ नावाचं प्रथिन वाढवतं. त्यामुळे पेशीच्या आवरणातून अ‍ॅराकिडोनिक आम्ल सुटणंच कमी होतं, आणि प्रोस्टाग्लँडिन व ल्युकोट्राइन हे सूज, वेदना आणि श्वासनळीचं आकुंचन घडवणारे दोन्ही कारखाने कच्च्या मालाअभावी थंडावतात. ब्रुफेनसारखी गोळी यातला एकच कारखाना बंद करते. स्टेरॉइड नदीच्या उगमाशीच बांध घालतं.

हे सगळं जनुकांच्या वाटेने होतं, म्हणून वेळ लागतो. प्रथिन बनायला, जुनं प्रथिन संपायला काही तास जातात. काकी म्हणायच्या "सकाळी घेतली की दुपारपर्यंत", त्यात फार्मॅकॉलॉजीचा अख्खा धडा आहे.

अ‍ॅलर्जीत दोन अंक असतात. जवळ्याची धूळ नाकात गेली की आधीच आयजीई प्रतिपिंडं लावून बसलेल्या मास्ट पेशी मिनिटांत हिस्टामिन ओकतात: शिंक, खाज, छाती आवळणं. हा पहिला अंक. चार ते आठ तासांनी दुसरा येतो. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी श्वासनळीच्या भिंतीत जमतात, सूज धरते, रात्री दम लागतो. स्टेरॉइडचा जोर या दुसऱ्या अंकावर आहे. इओसिनोफिलना बोलावणारे निरोप ते थांबवतं, असलेल्या इओसिनोफिलना लवकर मरायला लावतं, आणि श्वासनळी रुंद करणाऱ्या औषधांना पेशी पुन्हा दाद देऊ लागतात. हातावरचा इसब शमला तोही याच वाटेने.

पहिल्या अंकात मात्र स्टेरॉइड उशिरा पोचतं. हे जरा विषयांतर होईल, पण आमच्या भागात लिहायलाच हवं. कोळंबी खाऊन कुणाचा घसा सुजला, रक्तदाब पडला, की धावपळीत हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड आणि अ‍ॅव्हिल टोचतात, आणि अ‍ॅड्रेनलिनची कुपी ट्रेमध्ये तशीच राहते. अशा वेळी जीव वाचवतं ते मांडीच्या स्नायूत दिलेलं अ‍ॅड्रेनलिन, मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम. स्टेरॉइड त्याच्या मागून.

या औषधाने थक्क होण्यात काकी पहिल्या नव्हेत. १९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला "कंपाउंड ई" म्हणजे कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडल आणि राइशस्टाइन यांना नोबेल मिळालं. २०२० साली ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत, ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने मृत्यू कमी झाल्याचं दिसलं, आणि "डेक्सा" हे नाव गावागावांत पोचलं. ते मात्र जास्तीत जास्त दहा दिवस द्यायचं होतं. काकींची पुडी तीन वर्षं चालली.

कारण जनुकांत हात घालणारं औषध फक्त श्वासनळीत काम करत नाही. यकृताला ते साखर बनवायला लावतं, स्नायू आणि कातडी यांतलं प्रथिन मोडतं, हाड झिजवतं, जखमेची डागडुजी थांबवतं. आणि मेंदूला वाटतं, शरीरात कॉर्टिसॉल भरपूर आहे. कॉर्टिसॉल हे आपल्या मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचं स्वतःचं स्टेरॉइड. मेंदूतल्या पिट्युटरीचा हुकूम आला की ते बनतं, पहाटे सर्वांत जास्त. शरीर दिवसाला साधारण जेवढं बनवतं ते प्रेडनिसोलोन या स्टेरॉइड गोळीच्या ४-५ मिलिग्रॅमच्या तोडीचं असतं. बाहेरून रोज त्याहून जास्त येत राहिलं तर तीन-चार आठवड्यांनंतर हुकूम येणं बंद होतं, ग्रंथी सुस्तावते, पुढे आक्रसते. औषध थांबवलं म्हणून ती दुसऱ्या दिवशी जागी होत नाही. त्याला महिने लागतात.

आणि कॉर्टिसॉल नसेल तर रक्तवाहिन्या अ‍ॅड्रेनलिनचंसुद्धा ऐकत नाहीत. एरवी ताप, उलट्या, लावणीचे कष्ट यांत शरीर कॉर्टिसॉलचं उत्पादन कितीतरी पटीने वाढवतं. काकींच्या शरीराकडे वाढवायला काही नव्हतंच.

समोरचे पर्याय

माझा दवाखाना सहा खाटांचा. ओरोसचं जिल्हा रुग्णालय तासाभरावर, गोव्यातलं बांबोळीचं मोठं रुग्णालय दोन-अडीच तास, पावसात त्याहून जास्त.

पहिला पर्याय: लेप्टो धरून अँटिबायोटिक आणि सलाइन लावायचं आणि लगेच ओरोसला पाठवायचं. कागदावर हा सगळ्यात सुरक्षित, माझ्यासाठी तर नक्कीच. पण ८० रक्तदाबाने तासभर ॲम्ब्युलन्समध्ये, आणि चिठ्ठीवर "लेप्टो?" लिहिलेलं. पुढचा डॉक्टरही तेच शोधत बसला असता.

दुसरा: आधी कॉर्टिसॉलची तपासणी, मग स्टेरॉइड. तो नमुना तालुक्याबाहेर जातो, अहवालाला दोन दिवस. पाठ्यपुस्तकांत या चुकीबद्दल ताकीद दिलेली असते तरी मोह होतो, कारण निदान पक्कं नसताना स्टेरॉइड टोचायला हात धजत नाही.

तिसरा: नमुना काढून ठेवायचा आणि त्याच सुईतून हायड्रोकॉर्टिसोन द्यायचं.

प्राथमिक रक्ततपासणी गावातल्याच लॅबने तासाच्या आत दिली होती. सोडियम १२४, पोटॅशियम ४.३, क्रिएटिनिन १.१, प्लेटलेट १ लाख ७० हजार, बिलिरुबिन नेहमीएवढं. यातलं काहीच लेप्टोला पक्कं धरत नव्हतं, पक्कं सोडतही नव्हतं. पोटॅशियम वाढलेलं नाही हे मात्र जुळत होतं. ग्रंथीच नासलेली असते तेव्हा मीठ सांभाळणारं अल्डोस्टेरॉनही जातं आणि पोटॅशियम चढतं. इथे फक्त मेंदूचा हुकूम बंद होता, अल्डोस्टेरॉन शाबूत होतं.

ज्या ओळीवर माझी नजर अडकली ती वेगळीच होती: इओसिनोफिल ९ टक्के. एवढ्या आजारी माणसाच्या रक्तात इओसिनोफिल दिसेनासे व्हायला हवेत, कारण संकटात कॉर्टिसॉल चढतं आणि त्यांना पळवून लावतं. ९ टक्के म्हणजे पळवायला कुणी नाही. दमेकरी बाई आहे, अ‍ॅलर्जी आहे, इओसिनोफिल असायचेच, असंही म्हणता आलं असतं. अर्धं मन तसं म्हणतही होतं.

पारडं शेवटी दुसऱ्या हिशेबाने झुकलं. हे लेप्टो निघालं आणि मी १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दिलेलं असलं, तर त्या एका डोसने फारसं बिघडणार नाही. जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये रक्तदाब वाढवणारी औषधं लागत असतील तर दिवसाला २०० मिलिग्रॅम आपण देतोच. पण ग्रंथी सुस्तावलेली निघाली आणि दिलं नाही, तर काकी संध्याकाळ पाहणार नाहीत. एवढं स्पष्ट असूनही मी पाच-सात मिनिटं घालवली. खरं कारण लाजेचं होतं. अकरा दिवसांपूर्वी ज्या गोष्टीवरून मी या बाईला झापलं, तीच मी आता तिच्या शिरेत देणार होतो.

प्रत्यक्ष काय केलं

रक्ताची एक जादा नळी काढली. ११.५० ला हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून. ही कुपी कोकणातल्या कुठल्याही दवाखान्यात असते, दम्यासाठी आणि अंगावर गांधी उठतात त्यासाठी. त्यासाठी कुठे धावावं लागलं नाही. सोबत ग्लुकोज, आणि पहिल्या तासात एक लिटर नॉर्मल सलाइन. लेप्टो सोडून दिला नव्हता, म्हणून अँटिबायोटिक सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनही दिलं.

साडेबाराला रक्तदाब ९२/६०. दोनला १०६/६८. उलट्या थांबल्या. संध्याकाळी सहा वाजता काकींनी सुनेकडे पेज मागितली, उकड्या तांदळाची, आणि वर लोणच्याचा खार. अकरा दिवसांत पहिल्यांदा त्यांना भूक लागली होती.

दर सहा तासांनी ५० मिलिग्रॅम चालू ठेवलं. माझा एक वर्गमित्र कोल्हापुरात अंतःस्रावी ग्रंथींचा तज्ज्ञ आहे, त्याला फोन लावला. त्याने ज्या गोष्टीची ताकीद दिली ती माझ्या ध्यानात आली नसती: स्टेरॉइड मिळालं की शरीर साठलेलं पाणी भराभर सोडतं आणि सोडियम झपाट्याने वर जातं. २४ तासांत ते ८-१० एककांहून जास्त चढलं तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून रात्रीतून दोनदा सोडियम तपासलं. सकाळी १३१, तेव्हा सलाइनचा वेग कमी केला.

तिसऱ्या दिवशी कॉर्टिसॉलचा अहवाल आला. १.४ मायक्रोग्रॅम. रक्तदाब ८० असलेल्या माणसाचं ते १८-२० च्या वर हवं होतं. लेप्टोची तपासणी पहिल्यांदा नकारार्थी, दहा दिवसांनी पुन्हा केली तीही नकारार्थी. लघवीत मात्र जंतुसंसर्ग सापडला. ताप बहुधा त्याचाच, आणि कोलमडायला तेवढं निमित्त पुरलं.

मग सून घरून पुड्या घेऊन आली. काकींनी सगळ्या टाकल्या नव्हत्या, दोन आमसुलांच्या बरणीमागे जपून ठेवल्या होत्या, न जाणो लागल्या तर. वर्तमानपत्राचा चौकोन, चार घड्या. आत तपकिरी भुकटी आणि उजेडात धरली की त्यात चमकणारे पांढरे कण, कुटलेल्या गोळीचे असावेत तसे. दोन्ही पुड्या अन्न व औषध प्रशासनाकडे दिल्या. त्या बाजूचं काम वेगळं आहे, इथे लिहीत नाही.

त्याच दिवशी कॅप्सूलचा उलगडा झाला. मी विचारलं, यंत्रातून ओढता ना नीट? काकी म्हणाल्या, "गिळतंय ना मी, रोज दोन वेळा. ता यंत्र कित्याक दिलला ताच कळला नाय." श्वासातून फुप्फुसात जायचं औषध अकरा दिवस पोटात गेलं होतं. म्हणजे पुडीही नाही आणि पंपही नाही. कंपाउंडरने दाखवलं होतं, पण रिकामं यंत्र हातात धरून, कॅप्सूल न घालता. आता आम्ही काकींकडूनच करून घेतलं: कॅप्सूल घालायची, फिरवायचं, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटून जोरात ओढायचं, दहा मोजेपर्यंत धरायचं, मग चूळ भरायची. आत भुकटी उरली नाही ना, ते उघडून बघायचं. तिसऱ्या खेपेला जमलं.

"पंप लागलो की सुटना नाय" ही भीती होतीच. तिला उत्तर म्हणून मी आकडे सांगितले. ओढायचं स्टेरॉइड दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा कमी, आणि तेही बरंचसं श्वासनळीपुरतं. पुडीतलं सगळं रक्तात. काकींनी ऐकून घेतलं. पटलं की नाही ते त्या दिवशी सांगता आलं नसतं.

पुढचे महिने

घरी जाताना प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅम, सकाळी आठला, एकदाच. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल सकाळी चढतं, म्हणून औषधही सकाळी. रात्री दिलं तर पहाटेचा हुकूम आणखी दबतो. दोन आठवड्यांनी साडेसात, मग पाच. त्याआधी क्षयासाठी छातीचा एक्स-रे झाला होता. अनवाणी चिखलात उतरणाऱ्या माणसाच्या आतड्यात स्ट्राँगिलॉइडिस हा कृमी लपलेला असू शकतो आणि स्टेरॉइडमध्ये तो अंगभर पसरू शकतो, म्हणून शौच तपासणीत काही सापडलं नाही तरी आयव्हरमेक्टिन दिलं. एक्स-रेत क्षय नव्हता, पण पाठीचा एक मणका चेपलेला दिसला. तो परत उभा राहत नाही.

पाच मिलिग्रॅमवर आल्यावर प्रेडनिसोलोनऐवजी हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या सुरू केल्या, सकाळी १० आणि दुपारी ५. अवघड काळ त्यानंतरचा. सप्टेंबरभर काकींचं अंग ठणकत होतं, सांधे दुखत होते, मन लागत नव्हतं. रक्तदाब ठीक, सोडियम ठीक. स्टेरॉइड उतरवताना असं होतं, कारण शरीर जास्तीच्या मात्रेला सरावलेलं असतं. पण ते सहन करणाऱ्याला कारण सांगून काय उपयोग? गणपतीत आलेल्या नणंदेने "तुझी पुडीच बरी होती गो" म्हटलं, आणि काकी बाजाराच्या दिवशी त्या माणसाला शोधायला गेल्या. तो त्या आठवड्यात बसला नव्हता. आमच्या योजनेमुळे वाचलो असं म्हणवत नाही.

मी मात्रा वाढवली नाही, कमी करणं महिनाभर थांबवलं. वर्गमित्राचं मत थोडं वाढवावी असं होतं. आजही वाटतं की त्याचं ऐकलं असतं तर त्या महिन्यातला त्रास कमी झाला असता.

सकाळचं कॉर्टिसॉल, आदल्या दिवशी दुपारची गोळी चुकवून आणि सकाळची घेण्याआधी: ऑक्टोबरात ३.८, जानेवारीत ७.२, एप्रिलमध्ये ११.६. दहाच्या वर गेलं की ग्रंथी जागी झाली असं धरतात. एप्रिलमध्ये गोळी बंद केली. मेटफॉर्मिन नोव्हेंबरमध्येच थांबलं होतं, उपाशीपोटी साखर १०४ वर आली होती. रक्तदाबाची गोळी अर्धी राहिली. वजन सहा किलोंनी उतरलं. बाकावरून काकी आता हात न टेकता उठतात. दमा पंपावर आहे आणि जवळा चाळताना सून तोंडाला ओला पंचा बांधायला लावते. हातांच्या चिरा मात्र परत आल्या. त्यांना मलम चालू आहे आणि ते पुडीइतकं गुणकारी नाही, हे काकी दर भेटीला सांगतात.

मध्ये डिसेंबरात एक परीक्षा झाली. जत्रेहून आल्यावर काकींना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. सुनेकडून आम्ही दोन गोष्टी पाठ करून घेतल्या होत्या: ताप आला तर गोळी दुप्पट, गोळी पोटात टिकत नसेल तर वाट न पाहता इंजेक्शन. रात्री दहाला ती काकींना घेऊन जवळच्या दवाखान्यात गेली. मी गावात नव्हतो. तिथल्या नव्या डॉक्टरने आधी फक्त सलाइन लावलं. सुनेने पर्समधून कार्ड काढून समोर धरलं: स्टेरॉइडवर अवलंबून, उलट्या झाल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम तात्काळ. त्याने वाचलं आणि दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काकी घरी.

वेगळं काय करता आलं असतं

जूनमध्ये पुडी बंद करण्याऐवजी "ही उद्यापासून घेऊ नका, पण त्याजागी ही गोळी घ्या" एवढं म्हणून प्रेडनिसोलोन लिहिलं असतं, आणि मग सावकाश उतरवलं असतं, तर जुलै झालाच नसता. पुडीत नेमकं किती आहे ते माहीत नसताना आपण गोळी कशी लिहायची, हा प्रश्न मला पुढे दोघा डॉक्टरांनी विचारला. माझं उत्तर: किती आहे हे चेहरा सांगत होता. मात्रा अंदाजाने जास्त धरली असती तरी ती कमी करायला आपल्या हातात महिने होते.

कंपाउंडरवर ढकललेलं यंत्राचं शिक्षण, हा दुसरा मुद्दा. आता रुग्ण स्वतः एक कॅप्सूल ओढून दाखवत नाही तोवर मी चिठ्ठी हातात देत नाही. बाहेरची रांग लांबते. लांबू दे.

लेप्टोकडे वळलो त्याबद्दल मी स्वतःला फारसा दोष देत नाही. जुलैत लेप्टो मनात येणार नाही असा डॉक्टर आमच्या भागात कामाचा नाही. दोष असेल तर तो असा की मी प्रश्न विचारत होतो ते माझ्या उत्तराकडे नेणारे, आणि सून दाराशी उभी आहे हे मला तिने तोंड उघडेपर्यंत दिसलं नव्हतं.

एक प्रश्न मात्र जूनमध्येच विचारायला हवा होता, आणि तो इतका साधा आहे की लिहितानाही टोचतो: पुडी कधी चुकली होती का, आणि चुकली तेव्हा काय झालं? काकींनी त्याचं उत्तर मला पुढे ऑक्टोबरात, कुणी न विचारता दिलं. आदल्या वर्षी चतुर्थीला पुड्या संपल्या होत्या, बाजार भरला नव्हता. आरतीला उभं राहवेना, तीन दिवस माजघरात पडून होत्या, खाल्लेलं ठरत नव्हतं. चौथ्या दिवशी मुलगा शेजारच्या बाजारातून पुडी घेऊन आला आणि संध्याकाळपर्यंत त्या करंज्या तळायला बसल्या.

कार्ड आता काकी स्वतःकडे ठेवतात. प्लास्टिकमध्ये घालून, सोड्यांच्या डब्याच्या झाकणात आतून चिकटवलेलं. गोळी बंद झाली तरी वर्षभर ते जवळ ठेवा, असं मी सांगितलं आहे. मागच्या भेटीत त्यांनी ते दाखवायला आणलं तेव्हा माझ्या टेबलाला दिवसभर सोड्यांचा वास होता.